ग्रीक पुराणांतील रूपांतरें आणि कलावंताची अडचण



माणसाचें झाड झालें, मुलीची गाय झाली, खलाशांचीं डुकरें झालीं, असल्या गोष्टी सांगणें कवीला फारसें कठीण नाहीं. आधीं पाय जड झाले, मग अंगावर साल चढली, मग केसांचीं पानें झालीं, असें एकामागून एक तो सांगत जातो आणि ऐकणाराचें मन त्याच्या मागून चालत राहतें. शब्दाला काळ लाभलेला आहे. चित्राला तो लाभलेला नाहीं. चित्रकाराच्या हातीं क्षण एकच असतो, आणि रूपांतर ही तर एका क्षणांत मावणारी वस्तु नव्हे. आधींचें दाखवावें तर जादू झालेलीच नाहीं. नंतरचें दाखवावें तर उरलें काय, एक साधें डुकर! हा प्राणी काल ओडिसियसच्या नावेवर वल्हें मारीत होता, असें त्याच्याकडे पाहून कोण म्हणेल?

काव्य आणि चित्र यांच्यांतील हा भेद जर्मन टीकाकार लेसिंग यानें १७६६ सालीं ‘लाओकोऑन’ या ग्रंथांत मोठ्या मार्मिकपणें विवेचिला. ज्या क्षणावरून मागचें आणि पुढचें दोन्ही कल्पितां येईल असा क्षण चित्रकारानें निवडावा, असा त्याचा उपदेश आहे. उपदेश उत्तम आहे यांत शंका नाहीं. परंतु लेसिंगच्या तेवीसशें वर्षें आधीं अथेन्सच्या कुंभारवाड्यांतल्या एका चित्रकारानें हा नियम सपशेल मोडून दाखविला होता, आणि त्याचें चित्र आजही पाहणाराला थांबवून धरतें.

हें चित्र एका पसरट, दोन कानांच्या मद्याच्या पेल्यावर आहे. पेला इ. स. पूर्वीं ५५० च्या सुमाराचा. सध्यां तो अमेरिकेंत बोस्टन येथील ललितकला-संग्रहालयांत आहे. होमरच्या ‘ओडिसी’ काव्याच्या दहाव्या सर्गांतील सर्सीची कथा त्यावर रंगविली आहे. कथा थोडक्यांत अशी : ट्रॉयचें युद्ध आटोपून घरीं परतणारा ओडिसियस एका बेटाला लागतो. त्याचे कांहीं सोबती त्या बेटावरील मांत्रिकेच्या, म्हणजे सर्सीच्या, घरीं जातात. चीज, सातूचें पीठ, मध आणि मद्य यांच्या मिश्रणांत औषध कालवून ती त्यांना पाजते, वरून छडी मारते, आणि त्यांचीं डुकरें करून कोंडून ठेवते. युरिलोकस नांवाचा एकटाच शहाणा दाराबाहेर थांबलेला असतो. तो धांवत जाऊन ओडिसियसला ही वार्ता देतो.

आतां चित्र पाहूं. नभोवाणीवरून तें दाखवितां येत नाहीं, म्हणून जरा सावकाश सांगतों. मध्यभागीं सर्सी उभी आहे. तिच्या हातांत पेला आहे आणि त्यांतलें औषध ती अजून ढवळीत आहे. समोर जो मनुष्य उभा आहे, त्याचें डोकें मात्र आधींच रानडुकराचें झालेलें! औषध पोटांत जावयाचें आहे, परिणाम डोळ्यांपुढें आहे. एका टोकानें ओडिसियस तरवार उपसून येत आहे. दुसऱ्या टोकाला युरिलोकस पळ काढीत आहे. वास्तविक युरिलोकस पळाला म्हणून तर ओडिसियसला बातमी कळली. मग दोघे एकाच वेळीं त्या घरांत कसे? चित्रकाराला त्याची पर्वा नाहीं. आधींची, मधली आणि नंतरची अशा तिन्ही घटना त्यानें एका ओळींत उभ्या केल्या आहेत. कथा पाहणाराला पाठच आहे, क्रम तो आपल्या मनांत लावून घेईल, एवढा विश्वास त्याला आहे. होमरनें साऱ्यांचीं डुकरेंच केलीं; या चित्रकारानें निरनिराळ्या प्राण्यांचीं डोकीं दिलीं आहेत. मला वाटतें, एकाच तोंडाच्या रांगेपेक्षां वेगवेगळीं तोंडें रंगविण्यांत त्याला अधिक गोडी वाटली असावी.

पण खरें मर्म पुढेंच आहे. या सर्वांचीं डोकीं तेवढीं जनावरांचीं आहेत. धड माणसाचें आहे. ते दोन पायांवर उभे आहेत. वर्गांत ही कथा सांगतांना मुलें हटकून एक प्रश्न विचारीत : आपण माणसें होतों हें त्या डुकरांना कळत होतें काय? होमरचें उत्तर स्पष्ट आहे. डोकें, आवाज, केंस आणि अंग डुकराचें झालें, परंतु मन पूर्वीं होतें तसेंच राहिलें. ग्रीक रूपांतरांतलें दारुण तें हेंच. शरीर बदललें यापेक्षां मन बदललें नाहीं यांत खरी शिक्षा आहे. मन तर रंगवितां येत नाहीं. म्हणून त्या कुंभारवाड्यांतल्या कलावंतानें माणसाचे हात आणि पाय राहूं दिले. अर्धवट मनुष्य, अर्धवट पशु हें रूप अडाणीपणाचें नसून, आंत कोणी तरी जागा आहे हें सांगण्याचा तो त्याचा उपाय आहे, असें मी समजतों. पुढील अडीच हजार वर्षांतील चित्रें पाहतांना मी ही एकच कसोटी वापरतों : आंतला मनुष्य दिसतो कीं नाहीं?

होमरच्या कथेचा शेवट सुखाचा आहे हेंही सांगून टाकतों. हर्मीस देव ओडिसियसला काळ्या मुळाची आणि दुधासारख्या पांढऱ्या फुलाची एक वनस्पति देतो, तिच्यामुळें सर्सीचें औषध त्याच्यावर चालत नाहीं, आणि त्याचे सोबती पुन्हा माणसें होतात. इतकेंच नव्हे तर पूर्वींपेक्षां तरुण आणि देखणे होतात. आपल्या पुराणांत शापामागून बहुधा उःशाप येतो. अहल्येची शिळा कधीं तरी पुन्हा अहल्या होते. ग्रीक कथांत अशी सुटका क्वचितच आढळते. पुढें रोमन कवि ओव्हिड यानें इ. स. ८ च्या सुमारास ‘मेटामॉर्फोसीझ’, म्हणजे ‘रूपांतरें’, या काव्यांत ज्या कथा एकत्र गुंफल्या, त्यांतल्या बहुतेकांना परतीची वाट नाहीं. युरोपांतील चित्रकारांनीं पुढें शतकानुशतकें हेंच काव्य उशाशीं ठेवलें.

ग्रीक कलावंतांनीं आणखीही वाटा शोधल्या. समुद्रावरील चांच्यांनीं डायोनिसस या मद्याच्या देवाला राजपुत्र समजून पळविलें आणि देवानें त्यांचे डॉल्फिन करून टाकले, अशी एक कथा आहे. इ. स. पूर्वीं ५३० च्या सुमारास एक्झीकियस या अथेन्सच्या कारागिरानें ती एका पेल्याच्या आंतल्या बाजूस काढली. पेला म्यूनिक येथें आहे. जहाजांत देव एकटाच पहुडला आहे, डोलकाठीवरून द्राक्षाची वेल चढून तिला सात घड लागले आहेत, आणि भोंवतीं सात डॉल्फिन पोहत आहेत. चांचे कोठेंच नाहींत. चित्र अत्यंत सुंदर, शांत, आणि माझ्या कसोटीला मुळींच न उतरणारें! त्याच कथेवर इटलींतील एट्रुस्कन लोकांची एक पाण्याची घागर आहे, त्यानंतर वीस-तीस वर्षांनीं केलेली. तिच्यावर चांचे समुद्रांत उड्या घेत आहेत, अर्धीं अंगें माणसांचीं, अर्धीं डॉल्फिनचीं. रेखाटन एक्झीकियसच्या पासंगाला पुरणार नाहीं, पण पाहणाराचा जीव त्या उड्यांत अडकतो. ही घागर अमेरिकेंतील टोलेडोच्या संग्रहालयानें विकत घेतली होती. ती बेकायदा उकरून बाहेर नेलेली निघाली, आणि २०१२ सालीं ती इटलीला परत करण्याचें ठरलें. घागरीलाही परतीची वाट सांपडली, चांच्यांना नाहीं.

आयोची गोष्ट निराळी आहे. झ्यूसची दृष्टि पडल्यामुळें ती बिचारी गाय झाली. ओव्हिडनें एक हृदयद्रावक प्रसंग घातला आहे : आयो बोलावयास जाते तों हंबरडा निघतो, आणि शेवटीं ती खुरानें धुळींत आपलें नांव लिहून बापाला ओळख पटविते. परंतु नाटकांत काय करावें? रंगभूमीवर गाय आणली तर संवाद म्हणावयाचे कोणीं? म्हणून ग्रीक शोकनाटकांतली आयो कपाळावर शिंगें असलेली कुमारी झाली. अलीकडचे पंडित म्हणतात कीं, घटांवरील चित्रांतही पूर्वीं आयो सबंध गाय असे. पांचव्या शतकाच्या मध्यानंतर ती शिंगें असलेली मुलगी होऊं लागली. इतिहासकार हिरोडोटसनें त्याच शतकांत मिसर देशच्या इसिस देवतेचें वर्णन करतांना, ग्रीक लोक आयोला काढतात तशीं गाईचीं शिंगें तिला असतात, असें लिहिलेंच आहे. पाँपेई येथील इसिसच्या देवळांत याच आयोचें एक भित्तिचित्र निघालें, तें आतां नेपल्सला आहे. शिंगें अगदीं लहान, नजर चुकेल इतकीं. आणि चेहरा थकलेल्या बाईचा.

आतां अ‍ॅक्टिऑनकडे वळूं, कारण त्याच्या कथेंत मन राहिल्याचें दुःख पराकोटीला गेलें आहे. हा तरुण शिकारी रानांत चुकून अशा जागीं पोंचला जेथें आर्टेमिस देवी, रोमन लोकांची डायाना, स्नान करीत होती. तिनें त्याच्यावर पाणी उडविलें आणि त्याचें हरिण झालें. त्याच्याच कुत्र्यांनीं त्याला फाडलें. आपण कोण हें त्याला ओरडून सांगावयाचें आहे, पण शब्द निघत नाहीं. मित्र कुत्र्यांना चेव आणीत आहेत आणि अ‍ॅक्टिऑन नेमका कोठें गेला म्हणून त्याला हांका मारीत आहेत. आपलें नांव ऐकून तें हरिण मान वळवितें. ओव्हिडचा हा तपशील एकदां वाचला कीं विसरतां येत नाहीं.

ग्रीकांनीं ही कथा घटांवर पुष्कळ वेळां काढली. बोस्टनमध्येंच इ. स. पूर्वीं ४७० च्या सुमाराचा, मद्यांत पाणी मिसळण्याचा एक घट आहे. त्यावर देवी बाण सोडीत आहे आणि अ‍ॅक्टिऑन कोसळत आहे, पण तो नखशिखांत मनुष्यच आहे! शिंग नाहीं, खूर नाहीं. हरिण त्या कुत्र्यांच्याच डोळ्यांत आहे. पॉसेनियस नांवाचा प्राचीन प्रवासी लिहितो कीं, स्टेसिकोरस या कवीच्या मतें देवीनें अ‍ॅक्टिऑनच्या अंगावर केवळ हरिणाचें कातडें टाकलें होतें. म्हणजे रूपांतर खरोखर शरीराचें कीं पाहणाराच्या दृष्टीचें, हा प्रश्न त्या काळींही पडलेला होता.

व्हेनिसचा थोर चित्रकार टिशिअन यानें हा विषय दोन चित्रांत हाताळला. पहिलें, १५५६ ते १५५९ मधलें, स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यासाठीं केलेलें. त्यांत अ‍ॅक्टिऑन पडदा बाजूस सारून देवीला पाहतो आहे. रूपांतर अजून व्हावयाचें आहे, परंतु दगडी खांबावर हरिणाची एक कवटी ठेवलेली दिसते. लेसिंगला हें चित्र आवडलें असतें. दुसऱ्या चित्राचा उल्लेख टिशिअननें फिलिपला १५५९ सालीं लिहिलेल्या पत्रांत आहे, पण तें राजाकडे गेलेंच नाहीं. १५७६ सालीं टिशिअन वारला तेव्हां तें त्याच्या चित्रशाळेंतच होतें. १९७२ पासून तें लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहे. डावीकडे भव्य डायाना पुढें झेपावत आहे, हातीं धनुष्य आहे, परंतु त्याची दोरी दिसत नाहीं. उजवीकडे, जरा लांब, लहानसा अ‍ॅक्टिऑन : धड माणसाचें, डोकें हरिणाचें, कुत्रे अंगावर चढलेले. पेल्यावरील त्या अनामिक चित्रकाराचा उपाय दोन हजारांहून अधिक वर्षांनीं पुन्हा आला! फरक रंगाचा आहे. म्हाताऱ्या टिशिअननें तांबूस, पिंगट, काळपट रंग असे फांसले आहेत कीं झाड कोठें संपलें, कुत्रा कोठें लागला आणि माणूस कोठें उरला, याच्या कडाच विरघळून गेल्या आहेत. एका क्षणांत न मावणारें रूपांतर त्यानें कुंचल्याच्या फटकाऱ्यांतच घडवून आणलें. कोणी हें चित्र अपुरें राहिलें असें म्हणतात. राहिलें असेल, मला तें पुरें हवेंसें वाटत नाहीं.

डॅफ्नीची कथा याहून लोकप्रिय. अपोलो देव तिच्यामागें लागला, ती पळाली, पाय थकले तेव्हां तिनें आपल्या बापाचा, एका नदीच्या देवाचा, धांवा केला, आणि तिचें लॉरेलचें झाड झालें. लॉरेल म्हणजे आपल्या तमालपत्राच्या कुळांतलें झाड. ग्रीक भाषेंत त्याचें नांवच डॅफ्नी. फ्लॉरेन्सच्या पोलाय्वोलो बंधूंच्या चित्रशाळेंतून पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत निघालेलें एक चिमुकलें चित्र लंडनला आहे, जेमतेम वीतभर. त्यांत डॅफ्नीच्या दोन्ही हातांचीं दोन घनदाट झाडें झालीं आहेत, आणि अपोलो त्या काळच्या फ्लॉरेन्समधील एखाद्या पोषाखी तरुणासारखा तिला मिठी मारीत आहे. थोडें हसूं येतें खरें.

रोमच्या बोर्गीझे संग्रहालयांतील बर्निनीच्या संगमरवरी शिल्पापुढें हसूं येत नाहीं. १६२२ मध्यें त्यानें तें हातीं घेतलें तेव्हां तो चोवीस वर्षांचाही नव्हता किंवा नुकता झाला होता. १६२५ मध्यें तें पुरें झालें. मूर्ति पुरुषभराहून उंच आहेत. दगडाला काळ नाहीं ही अडचण बर्निनीनें अजब रीतीनें सोडविली : पाहणारालाच चालावयास लाविलें. मागून पाहावें तर धांवणारा अपोलो आणि उडणारें वस्त्र. बाजूस यावें तर मुलगी दिसूं लागते. आणखी पुढें जावें तर बोटांना फुटलेलीं पानें, पायाच्या अंगठ्यांतून जमिनींत शिरणारीं मुळें. आपण चार पावलें चालतों तेवढ्यांत ती झाड होते. हीं कागदासारखीं पातळ पानें आणि मुळें कोरण्यांत जुलियानो फिनेल्ली या साहाय्यकाचा मोठा हात होता. त्याचें नांव फारसें कोणी घेत नाहीं, म्हणून येथें घेतों.

अपोलोचा हात तिच्या कमरेशीं पोंचला आहे. पण नीट पाहिलें तर तो अंगाला लागलेला नाहीं. मध्यें साल उगवली आहे. अपोलोच्या मुखावर अजून त्याची जाणीव नाहीं. डॅफ्नीचें तोंड उघडलेलें आहे आणि त्या तोंडांतली किंकाळी कोणालाच ऐकूं येत नाहीं. हें शिल्प कार्डिनल शिपियोने बोर्गीझे याच्या वाड्यांत ठेवावयाचें होतें. धर्मगुरूच्या घरीं असें नग्न, मूर्तिपूजकांच्या देवांचें शिल्प कसें, ही शंका येऊं नये म्हणून माफ्फेओ बार्बेरिनी यानें, जो पुढें आठवा अर्बन या नांवानें पोप झाला, एक लॅटिन श्लोक रचून दिला, आणि तो बैठकीवर कोरला आहे. क्षणभंगुर सौंदर्याच्या मागें लागणाऱ्या प्रेमिकाच्या हातीं शेवटीं पाला आणि कडू फळेंच येतात, असा त्याचा आशय. उपदेश सारा त्या पाठलाग करणाराला! पळणाऱ्या मुलीविषयीं त्यांत एक अक्षर नाहीं. ओव्हिड निदान एवढें सांगतो कीं, सालीखालीं तिचें हृदय अजून धडधडत असल्याचें अपोलोला हाताला लागलें आणि त्यानें चुंबन घेतलें तेव्हां झाडही मागें सरलें. मग देवानें तें झाड आपलें म्हणून जाहीर केलें, आणि झाडानें मान डोलविल्यासारखें वाटलें. वाटलें कोणाला, हें ओव्हिड सांगत नाहीं. बर्निनीची डॅफ्नी पाहणाराला तो होकार होता असें वाटेल, हें मला संभवनीय दिसत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्यें सर्सीचीं चित्रें फार निघालीं. त्यांतलें वॉटरहाउसचें १८९१ चें चित्र ओल्डहॅमला आहे. सर्सी सिंहासनावर बसून पेला पुढें करीत आहे, पायाशीं एक डुकर लोळत आहे, आणि तिच्या पाठीमागच्या गोल आरशांत ओडिसियस येतांना दिसतो. म्हणजे ओडिसियस उभा आहे तो आपल्या जागीं. पेला आपल्यालाच देऊं केलेला आहे. युक्ति मोठी चतुर. पण डुकर तें अगदीं डुकरच आहे, आंत कोणी नाहीं.

शेवटीं एक असें चित्र सांगतों कीं ज्यांत रूपांतर मुळीं दिसतच नाहीं. स्पेनच्या वेलास्केझ या चित्रकाराचें ‘सूत कांतणाऱ्या’ या अर्थाच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें चित्र माद्रिदच्या प्राडो संग्रहालयांत आहे. सुमारें १६५५ ते १६६० मधलें. पुढें पांच बायका कामांत गढल्या आहेत. एक म्हातारी चरख्यावर, एक तरुणी लडीवरून सुताची गुंडी करीत. मागें उंचवट्यावर एक चित्रवस्त्र टांगलेलें आहे आणि सुवासिनी जमल्या आहेत. कित्येक वर्षें लोकांनीं हें विणकामाच्या कारखान्याचें साधें चित्र समजलें. १९४८ सालीं १६६४ ची एक जुनी यादी प्रसिद्ध झाली, तींत त्याचें नांव ‘अरॅक्नीची कथा’ असें निघालें. अरॅक्नी ही विणकर मुलगी. तिनें अथीना देवीशीं पैज लावली आणि देवांनीं बैल, हंस, सोन्याचा पाऊस अशीं सोंगें घेऊन बायकांना कसें फसविलें, तेंच आपल्या वस्त्रांत विणून दाखविलें. काम निर्दोष होतें. त्यामुळेंच देवी चिडली. तिनें वस्त्र फाडलें, धोट्यानें मुलीच्या कपाळावर मारलें, आणि गळफास घेऊं पाहणाऱ्या तिला कोळी करून टाकलें. मागच्या चित्रवस्त्रावर बैल होऊन युरोपाला पळविणारा झ्यूस आहे, आणि तें चित्र टिशिअनचें आहे! मूळ चित्र तेव्हां स्पेनच्या राजाकडे होतें. आज तें बोस्टनला आहे.

वस्त्रापुढें शिरस्त्राण घातलेल्या देवीचा हात उगारलेला आहे. कोळी नाहीं, जाळें नाहीं. पुढल्या बाजूस म्हातारीचा चरखा इतक्या वेगानें फिरतो आहे कीं वेलास्केझनें त्याच्या आऱ्या काढल्याच नाहींत, नुसता धुरकट प्रकाश. अथीना प्रथम म्हातारीच्या वेषानें अरॅक्नीकडे आली होती असें ओव्हिड सांगतो, म्हणून ती चरख्यावरची बाई म्हणजे देवीच, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. तिचा उघडा पाय पाहा म्हणतात, तो म्हातारीचा नाहीं, तरुणीचा आहे. मग पाठमोरी बसलेली, बाह्या सारून गुंडी करणारी ती दुसरी अरॅक्नी ठरते. कोळी झाल्यावरही तिनें विणणें सोडलें नाहीं, असें कथा सांगते. चित्रांत तिचा हात सुतावर आहे, आणि तोंड आपल्याला दिसत नाहीं.